फुलबाजी आणि आजीचा चेहरा

बऱ्याच दिवसांनी ब्लॉगवर काहीतरी खरडते आहे. निमित्त भांडणाचं आहे, त्यामुळे आधीच सांगून टाकते - ज्यांना तांत्रिक चऱ्हाटाचा कंटाळा आहे त्यांनी मधले काही परिच्छेद खुशाल ओलांडून खाली यावं. मावशी, तू मात्र सगळं वाच. हे तुझ्या एका वाक्यामुळे सुरू झालंय. :-)

तर झालं असं. २०२१ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, दादाने त्याच्या फोनवर आजीचा एक व्हिडिओ काढला. दोन मिनिटं अकरा सेकंदांचा. आजी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, तुळशीपाशी चार पणत्या, पडवीतल्या दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर. भाची (तेव्हा वय वर्षं चार) फुलबाजी पेटवते आणि गोल गोल फिरवते. आजी "हात लांब धर गं, लांब" म्हणते. मग कुणीतरी भुईनळा लावतो आणि आजी दोन्ही कानांवर हात ठेवते. भुईनळ्याला आवाज नसतो, तरीही. तिचं ते नेहमीचंच.

२०२२ च्या श्रावणात आजी गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण हलती, बोलती आजी एवढीच. बाकी लग्नामुंजींच्या व्हिडिओंत ती आहे, पण मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड.

२०२३ मध्ये वर्षश्राद्धाला सगळे मामाकडे जमलो होतो. जेवणं झाली, पानं झाली, आणि कुणीतरी म्हणालं की तो दिवाळीचा व्हिडिओ लावा. मी संगणकवाली म्हणून काम माझ्याकडे आलं. मी माझा लॅपटॉप टीव्हीला जोडला, एक बऱ्यापैकी नावाजलेला, चकटफू मिळणारा प्लेअर उघडला आणि व्हिडिओ लावला. पहिली चाळीस सेकंदं उत्तम. मग फुलबाजी पेटली. आणि जशी एकेक ठिणगी उडायला लागली तसा आजीचा चेहरा काळवंडायला लागला. ठिणगी मोठी झाली की चेहरा अंधारात, ठिणगी बारीक झाली की चेहरा परत वर. परत खाली. परत वर.

मावशी म्हणाली, "अगं, आई अशी सारखी विझल्यासारखी का दिसतेय?"

त्यानंतर खोलीत कुणी काही बोललं नाही. मी व्हिडिओ थांबवला.

दादाला यातलं कळतं. तो म्हणाला, "डायनॅमिक टोन मॅपिंग चालू आहे, ते बंद कर." मी बंद केलं. चेहऱ्याचं खालीवर होणं थांबलं, पण आता आजी पहिल्या सेकंदापासूनच मंद दिसायला लागली. फुलबाजी पेटायच्या आधीही, नुसत्या पणत्या असतानाही. मी म्हटलं, "हे काही खरं नाही." दादा म्हणाला, "हेच खरं आहे. स्टॅटिक म्हणजे प्रामाणिक. प्लेअरने चित्रात लुडबूड करूच नये."

तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे. फोनवर, ईमेलवर, परवाच्या साखरपुड्यातही. आता जाहीरपणे भांडते, म्हणजे निदान माझी बाजू पूर्ण ऐकून तरी घेईल.

आधी प्रकरण काय आहे ते. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. एका चौरस मीटरच्या पृष्ठातून साधारण एका मेणबत्तीइतकी दीप्ती समोर आली तर तो एक निट. आपण वर्षानुवर्षं जे साधं चित्र पाहत आलो ते १०० निट्सच्या पडद्यासाठी तयार केलेलं असायचं. काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हींच्या काळातला हा दंडक. नंतर पडदे बदलले, आणि २०१४ मध्ये पीक्यू नावाची नवी मोजपट्टी प्रमाण झाली. ती थेट १०,००० निट्सपर्यंत जाते. गंमत म्हणजे या पट्टीचा जवळजवळ अर्धा भाग पहिल्या १०० निट्सनाच दिलेला आहे, कारण माणसाच्या डोळ्याला अंधारातले फरक जास्त बारकाईने कळतात. वरचा अर्धा भाग १०० ते १०,००० साठी. फोनवाले बहुधा एचएलजी ही दुसरी पद्धत वापरतात, बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने मिळून काढलेली. दादाचा व्हिडिओ त्यातला. तिचं शिखर सर्वसाधारणपणे १००० निट्स धरतात.

आता अडचण बघा. व्हिडिओत १००० निट्सची ठिणगी आहे आणि आपण चित्र बसवतोय १०० निट्समध्ये. दहा मापांचं धान्य एका मापात. काहीतरी दाबावं लागणार, काहीतरी सांडावं लागणार. काय दाबायचं आणि काय सांडू द्यायचं हे ठरवणं म्हणजे टोन मॅपिंग. याला चांगला मराठी शब्द मला सापडला नाही. 'उजेडाची तडजोड' म्हणावंसं वाटतं. (जाणकारांनी प्रकाश टाकावा!)

ही तडजोड काही आजची नाही. फिल्मवर छायाचित्रं काढणाऱ्यांना ती रोजच करावी लागायची. निगेटिव्हवर जेवढा उजेडाचा पल्ला येतो तेवढा कागदावर मावत नाही, म्हणून अंधाऱ्या खोलीत हाताने सावली धरून एक भाग उजळ ठेवायचा, दुसरा जास्त वेळ उजेडात धरून गडद करायचा. अॅन्सेल अॅडम्सने त्याचं एक शास्त्रच बनवलं. पुढे २००२ मध्ये राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी संगणकासाठी टोन मॅपिंगची जी प्रसिद्ध रीत मांडली, ती अॅडम्सच्या झोन पद्धतीवरूनच सुचलेली होती. म्हणजे हे सगळं मुळात कारागिराच्या हाताचं काम. ते आता एका सूत्राच्या हाती दिलंय, एवढंच.

त्या सूत्रांपैकी एक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.२३९० या अहवालात आहे. त्यात एक वक्ररेषा आहे. खालचा भाग सरळ, म्हणजे अंधाराला आणि मध्यम उजेडाला हात लावायचा नाही. मग एक 'गुडघा' येतो, आणि तिथून पुढे रेषा हळूहळू वाकत पडद्याच्या मर्यादेला टेकते. चांगली रीत आहे. मी एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन तिचं गणित करून पाहिलं. पडदा १०० निट्सचा धरला. दृश्यातलं शिखर २०० निट्सचं असेल (पणत्या, पडवीतला दिवा) तर गुडघा साधारण ७० निट्सवर येतो. शिखर १००० झालं (फुलबाजी) की तोच गुडघा २८ निट्सवर घसरतो. आता मूळ व्हिडिओत आजीचा चेहरा १०० निट्सचा आहे असं समजा. शिखर २०० असताना तो पडद्यावर साधारण ९० दिसतो. शिखर १००० झालं की साधारण ७०.

बस्स, सगळं भांडण या दोन आकड्यांत आहे. नव्वद आणि सत्तर.

दादाची स्टॅटिक रीत काय करते? व्हिडिओत कुठेतरी १००० निट्स येणार आहेत हे धरून पहिल्यापासून सत्तर. ठिणगी असो वा नसो, आजीने त्या ठिणगीचा भुर्दंड पूर्ण दोन मिनिटं अकरा सेकंद भरायचा. त्या प्लेअरची डायनॅमिक रीत काय करत होती? प्रत्येक फ्रेममधला सगळ्यात उजळ ठिपका शोधायचा आणि लगेच रेषा बदलायची. म्हणून नव्वद, सत्तर, नव्वद, सत्तर. विझल्यासारखी.

दादाचं म्हणणं - या दोन्हींत स्टॅटिक बरी. माझं म्हणणं - हे दोनच पर्याय आहेत हे तुला कुणी सांगितलं?

आमच्या घरात सगळ्यांना गाणं कळतं (किंवा कळतं असं वाटतं), म्हणून त्या भाषेत सांगते. समजा एखाद्या गायकाचा गळा दीड सप्तकाचा आहे आणि चीज आहे अडीच सप्तकांची. दादाची रीत म्हणजे, पाऊण तासाच्या गाण्यात एकदा तार षड्ज येणार आहे म्हणून सुरुवातीपासूनच पट्टी इतकी खाली लावायची की अख्खं गाणं घशातल्या घशात. त्या प्लेअरची रीत म्हणजे, दर वेळी वरचा सूर आला की तंबोरा उतरवायचा आणि तो गेला की परत चढवायचा. शहाणा गायक यातलं काहीच करत नाही. तो मधल्या सुरांना शोभेल अशी पट्टी धरतो, आणि वरचा सूर आला की तो नुसता दाखवून, जरा आवरून खाली येतो. ऐकणाऱ्याला कळतं की वर काहीतरी आहे. तेवढं पुरतं.

प्लेअरने हेच करावं एवढीच माझी मागणी आहे. आणि हे काही माझ्या स्वप्नातलं नाही, त्यातले बरेचसे तुकडे लोकांनी लिहून ठेवलेले आहेत.

पहिला तुकडा. सगळ्यात उजळ ठिपक्याला राजा करू नका. ४के फ्रेममध्ये ८२,९४,४०० ठिपके असतात. त्यातला एक ठिपका १००० निट्सचा निघाला म्हणून बाकीच्या ब्याऐंशी लाखांनी मान खाली घालायची? एमपीव्ही या मुक्तस्रोत प्लेअरमध्ये यावर सोपा उपाय आहे. शिखर मोजताना वरचे काही थोडे ठिपके सोडून द्यायचे. त्याच्या उच्च दर्जाच्या प्रोफाइलमध्ये हा आकडा ९९.९९५ टक्के ठेवलेला आहे. म्हणजे ४के फ्रेममधले वरचे सव्वाचारशेच्या आतबाहेर ठिपके मोजणीतून बाद. ते पांढरे फटक दिसतील. दिसू देत. ठिणगीच्या पोटातलं नक्षीकाम बघायला आमच्या घरातलं कुणी बसलेलं नाही.

दुसरा तुकडा. रेषा बदलायचीच तर सावकाश बदला. मागच्या काही फ्रेम्सच्या मोजणीची सरासरी धरत हळूहळू सरकायचं. मात्र सिनेमात दृश्यच बदललं, उन्हातून एकदम गुहेत गेलो, तर तिथे सावकाशपणा सोडून लगेच नवी रेषा धरायची. नाहीतर उन्हातून वाड्याच्या माजघरात शिरल्यावर जसं क्षणभर काही दिसत नाही तसं प्रत्येक कटला होईल. एमपीव्हीत याचीही सोय आहे, आणि त्यामागच्या लिबप्लासिबो या ग्रंथालयात (लायब्ररीला दुसरा शब्द सुचवा, हा फारच वाचनालयासारखा वाटतो) त्यावर बरंच बारीक काम झालेलं आहे.

तिसरा तुकडा म्हणजे रंग. उजेड दाबताना लाल, हिरवा, निळा यांना वेगवेगळं कापलं की रंगाचा स्वभावच बदलतो. उन्हातला केशरी झेंडू घ्या. लाल ३००, हिरवा १५०, निळा २०. तिन्हींना १०० वर कापा. लाल १००, हिरवा १००, निळा २०. केशरी झेंडू पिवळा झाला! ज्योतीचंही तेच होतं. म्हणून आधी रंगाची जात वेगळी धरून उजेड दाबायचा, आणि गरजेपुरताच रंग फिका करायचा. हे आता बऱ्याच ठिकाणी नीट होतं, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

चौथा तुकडा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात दुर्लक्षित. प्लेअरकडे भविष्य असतं! टीव्हीकडे नसतं. टीव्हीला केबलमधून एकामागून एक फ्रेम येतात, पुढे काय येणार हे त्याला ठाऊक नसतं. पण फाइल माझ्या डिस्कवर अख्खी पडलेली आहे. बेचाळिसाव्या सेकंदाला फुलबाजी पेटणार आहे हे चाळिसाव्या सेकंदाला सांगता येतं. मग मोजणी मागचीच का करायची? पुढची दोन सेकंदं आधी वाचा आणि ठिणगी यायच्या आधीपासून, कुणाच्या लक्षात येणार नाही इतक्या बेताने, रेषा सरकवायला लागा. नव्वदवरून पंच्याऐंशी, मग बराच वेळ तिथेच. भुईनळ्यासारखा मोठा उजेड वीस सेकंद टिकणार असेल तर जरा आणखी खाली, पण एकदाच. परत वर येतानाही तसंच.

यावर एका मित्राने आक्षेप घेतला की पुढच्या साठ फ्रेम्स मेमरीत धरायच्या म्हणजे दीड जीबी गेले. बरोबर आहे, ४के दहा बिटची एक फ्रेम साधारण २५ एमबीची होते. पण फ्रेम्स धरायला कोण सांगतंय? एकदा अख्खी फाइल मोजून ठेवा आणि फक्त आकडे लिहून ठेवा. आजीचा व्हिडिओ १३१ सेकंदांचा, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३,९३० फ्रेम. प्रत्येकीचे दोन आकडे, शिखर आणि सरासरी. चार बाइटचा एक आकडा धरला तर सगळे मिळून ३१ केबी. सेकंदाला २४ फ्रेमचा तीन तासांचा सिनेमा घेतला तरी २ एमबीच्या आसपास. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणारी सुप्रभातची फुलं याहून जड असतील. मॅडव्हीआरवाल्यांनी अशी आधी मोजून ठेवायची सोय केली होती, म्हणजे कल्पना नवी नाही. फक्त ती हौशी मंडळींच्या कोपऱ्यात राहिली. सगळ्यांच्या प्लेअरमध्ये, न विचारता, पार्श्वभूमीला चालणारी अशी ती झाली नाही.

आता दादाचे आक्षेप. तो वकील झाला असता तर बरं झालं असतं.

आक्षेप पहिला, दिग्दर्शकाचा हेतू. "ज्याने सिनेमा केला त्याने उजेड ठरवलाय. त्यात ढवळाढवळ करणारे तुम्ही कोण?" ऐकायला फार भारदस्त वाटतं. पण तो उजेड ठरवला कुठे? अंधाऱ्या खोलीत, १००० निट्सच्या किंवा ४००० निट्सच्या, मोटारीच्या किमतीच्या मॉनिटरवर. तुझ्या माझ्या पडद्यावर तो हेतू जसाच्या तसा येणं अशक्यच आहे. स्टॅटिक रेषा लावली तरी ढवळाढवळ होतेच, फक्त ती आंधळेपणाने होते. निवड करायची की नाही हा प्रश्नच नाही. निवड होतेच. ती बघून करायची की न बघता, एवढाच प्रश्न आहे.

शिवाय एचडीआर१० मध्ये स्टॅटिक रीत ज्या माहितीवर चालते ती काय असते? अख्ख्या सिनेमासाठी मोजके आकडे. तो कोणत्या मॉनिटरवर तयार झाला, सगळ्यात उजळ ठिपका किती, सगळ्यात उजळ फ्रेमची सरासरी किती. तीन तासांत एकदा वीज चमकली की तो आकडा सगळ्या तीन तासांना लागू. आणि तो आकडा शून्य, म्हणजे 'माहीत नाही', असा लिहायलाही प्रमाणात परवानगी आहे. या आकड्याला हेतू म्हणायचं असेल तर शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेला आत्मचरित्र म्हणावं लागेल.

'गेम ऑफ थ्रोन्स'चा तो अंधारा भाग आठवतो? एप्रिल २०१९ मधला, रात्रीच्या लढाईचा. लोकांना काही दिसेना आणि छायालेखकाने जाहीरपणे बराचसा दोष लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगवर टाकला. ते प्रक्षेपण एचडीआर नव्हतं आणि त्यात कॉम्प्रेशनचाही वाटा होता, त्यामुळे उदाहरण तंतोतंत नाही. पण वृत्ती ओळखीची आहे. आम्ही बरोबर केलंय, तुम्हाला दिसत नसेल तर तुमच्या घरात गडबड आहे.

एक मात्र मी मान्य करते. जिथे माणसाने दृश्यागणिक रेषा ठरवून दिलेली असते, डॉल्बी व्हिजनमध्ये किंवा एचडीआर१०+ मध्ये, तिथे प्लेअरने आपलं शहाणपण बाजूला ठेवून ती वाचावी. कलाकाराने स्वतः केलेली तडजोड यंत्राने केलेल्या तडजोडीपेक्षा कधीही बरी. पण आजीच्या व्हिडिओला कुठे कलाकार बसला होता? तो फोनने काढलाय आणि दादाचा अंगठा अर्धा भिंगावर होता. (दादा, हे सगळ्यांना दिसतं.) आजीच्या व्हिडिओला दिग्दर्शकाचा हेतू असलाच तर तो एकच, आजी दिसावी.

आक्षेप दुसरा, टीव्हीलाच करू द्या. एचडीआर सिग्नल तसाच पाठवा, टीव्ही बघून घेईल. टीव्हीला भविष्य दिसत नाही हे वर सांगितलंच. शिवाय एचडीआरचं लेबल लावलेले अनेक स्वस्त टीव्ही एचडीआर सिग्नल घेतात खरे, पण पडद्याचा उजेड वाढत नाही. आत काय करतात हे कुणी सांगत नाही आणि बघायला मिळत नाही. मुक्तस्रोत प्लेअर निदान उघडून बघता येतो, सुधारता येतो. म्हणून तर माझी सगळी भांडणं त्यांच्याशी. आपल्या माणसाशीच भांडतो ना आपण.

आक्षेप तिसरा, आणि यावर मला खरा राग येतो. "ज्याला हवं त्याने सेटिंग बदलावं. सगळं दिलेलं आहे." हो, दिलेलं आहे. शिखर किती वेगाने विसरायचं त्याचा आकडा आहे. दृश्य बदललं असं कधी मानायचं त्याच्या खालच्या आणि वरच्या मर्यादा आहेत. दबलेला बारीक तपशील किती परत आणायचा त्याचा आकडा आहे. (तो जास्त केला तर आजीच्या सुरकुत्या लाकडात कोरल्यासारख्या दिसतात, करून पाहिलंय.) मी व्यवसायाने हेच करते आणि मला योग्य आकडे सापडायला तीन रात्री लागल्या. मावशीने काय करायचं? तिने टीव्हीसमोर बसून आईच्या चेहऱ्याच्या 'डिके रेट'चा विचार करायचा?

जे हजारात एकजण बदलतो ते सेटिंग. बाकी नऊशे नव्व्याण्णवांना जे मिळतं ते म्हणजे त्या प्लेअरचं खरं मत. लिहिणारे लोक हे काम फुकट, रात्री जागून करतात, आणि त्यांच्याबद्दल मला खरोखर आदर आहे. पण चाचणीसाठी त्यांच्यापुढे असतात ते स्फोट, तलवारी, अवकाशयानं. चांगल्या टोन मॅपिंगचा पुरावा म्हणून सूर्याच्या बिंबातला तपशील दाखवतात. माझी विनंती आहे, चाचणीच्या यादीत एक म्हातारी बाई, खुर्चीत बसलेली, आणि शेजारी फुलबाजी, एवढं घाला. जगभरात आता लोकांच्या खिशात एचडीआर कॅमेरा आहे. पुढच्या वीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा पुन्हा पुन्हा पाहिले जाणारे एचडीआर व्हिडिओ सिनेमे नसतील. बारशी असतील, मुंजी असतील, केक कापताना फुंकलेल्या मेणबत्त्या असतील. आणि गेलेली माणसं असतील.

तर शेवटी मी काय केलं? वरचे सव्वाचारशे ठिपके सोडले, विसरण्याचा वेग कमी केला, आणि आख्खा व्हिडिओ आधी मोजून रेषेचे आकडे स्वतः गुळगुळीत करणारा एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. ओबडधोबड आहे, कुणाला दाखवायच्या लायकीचा नाही. त्यातून साध्या पडद्यासाठी एक प्रत काढली आणि गेल्या महिन्यात मावशीकडे पेन ड्राइव्हवर घेऊन गेले. दादाही होता.

फुलबाजी पेटली. ठिणग्या पांढऱ्या फटक दिसत होत्या, त्यात काही तपशील नव्हता. आजी जिथल्या तिथे होती. भुईनळ्याच्या वेळी ती किंचित मंद झाली असेल, पण मला माहीत होतं म्हणून मला दिसलं. मावशीने तीनदा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "कानांवर हात बघ कसे ठेवलेत! आणि ते मंगळसूत्र... ते मी तिला बदलायला सांगितलं होतं, झिजलं होतं नुसतं."

मंगळसूत्र आम्ही कुणी आधी पाहिलंच नव्हतं.

दादा म्हणाला, "ठिणग्या क्लिप झाल्यात." मी म्हटलं, झाल्यात. मग तो स्वयंपाकघरात चहा बघायला गेला. याला मी विजय मानत नाही, तो परत येणार आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. दादा, ये. पण येताना स्टॅटिक रेषेवरची तुझी प्रत पण घेऊन ये. दोन्ही मावशीसमोर लावू. न सांगता, कोणती कुणाची ते.

असो. बरंच लांबलं. इत्यलम्.

ता.क. - नातेवाईकांसाठी. फोनवरची मूळ फाइल कृपा करून पुसू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ म्हणजे मूळ व्हिडिओ नव्हे, तो दाबून लहान केलेला असतो. मी मावशीला दिलेली प्रतसुद्धा तडजोडच आहे, आजच्या पडद्यासाठीची. उद्या पडदे बदलतील, कदाचित १००० निट्सची ठिणगीही घरोघरी मावेल, आणि तेव्हा मूळ फाइलच लागेल. आजीचा मूळ व्हिडिओ माझ्याकडे, दादाकडे आणि मामाच्या कपाटातल्या डिस्कवर, असा तीन ठिकाणी आहे. तुमच्याकडे असे काही व्हिडिओ असतील तर त्यांच्याही तीन प्रती करून ठेवा. या रविवारीच करा.